दावूच्या तोफा

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. वय वर्षं अकरा. रात्री जेवणं आटोपली, ताई आणि आई आतल्या खोलीत कुणाच्या तरी लग्नाचं बोलत बसल्या आणि मी दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून ‘नेपोलियन: टोटल वॉर’ हा लढाईचा खेळ लावला. ती चिवड्याची वाटी घेऊन शेजारी येऊन टेकली. मोहीम फ्रान्सची, साल १८०५, हिवाळा तोंडावर आलेला. माझा नेपोलियन पूर्ण भरलेली फौज घेऊन व्हिएन्नाच्या वाटेवर होता आणि मार्शल दावू एका चालीच्या अंतरावर मागे, रस्ता राखायला. ऑस्ट्रियाची एक फौज दक्षिणेच्या डोंगरातून निसटून आली आणि थेट दावूवर पडली. त्याच्याकडे सात तुकड्या होत्या: पाच पायदळाच्या, एक हलक्या घोडेस्वारांची, एक त्याची स्वतःची. मी त्याला एका टेकाडावर उभं केलं. समोरून तोफा सुरू झाल्या. निळ्या कोटांच्या रांगेत गोळा शिरायचा, सात-आठ माणसं आडवी व्हायची, बाजूचे सरकून ती फट भरून काढायचे, की पुन्हा गोळा. उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पुढे धावून गेलो तर त्यांची बंदूकधारी रांग वाट बघत होती, थांबलो तर तोफा. पाचेक मिनिटांत पहिली तुकडी मोडली, तिच्या निशाणाचं पांढरं फडकं झालं, मग दुसरी, आणि शेवटी खुद्द दावू पडला. वाटीतला चिवडा तसाच ठेवून भाची म्हणाली, “मामा, त्याच्याकडे एकही तोफ का नव्हती?” मी म्हटलं, “सगळ्या नेपोलियनकडे होत्या.” “मग तू याला एकट्याला का ठेवलंस?”

मला उत्तर देता आलं नाही.

हा खेळ मी बरीच वर्षं खेळतोय, आणि त्यातली फौज बांधायची माझी पद्धत पहिल्या दिवसापासून एकच होती. एका फौजेत जास्तीत जास्त वीस तुकड्या मावतात. पडद्याच्या तळाशी वीस चित्रं, पहिलं सेनापतीचं. ती रांग लावण्यात मला लढण्याइतकाच आनंद मिळतो. आठ तुकड्या साधं पायदळ, मधला कणा. दोन हलक्या पायदळाच्या, पुढे पसरून नेम धरून मारणाऱ्या. दोन ग्रेनेडियर, म्हणजे निवडक पायदळ, राखीव. तीन घोडदळाच्या, त्यातली एक पळणाऱ्यांच्या पाठलागासाठी आणि दोन जड, शेवटचा घाव घालायला. चार तोफखान्याच्या. वर सेनापती. तोफा जिथे जमीन जराशी वर उचललेली असेल तिथे, पायदळाच्या रांगांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटींमागे, म्हणजे शत्रू जवळ आला की छर्रा मारता येतो. घोडदळ दोन्ही बगलांना, पण रांगेच्या मागे, झाडीच्या आड. घोडेस्वार अंगावर आले की कोपऱ्यातल्या तुकडीचा चौकोन. हे सगळं आता बोटांना पाठ आहे. अशी फौज नेपोलियनच्या हाताखाली असली की तिला हरवणं फार अवघड, आणि मी जवळजवळ हरत नाहीच. पण ही एक फौज उभी करताना उरलेल्या सगळ्यांना मी काय दिलं होतं, हे त्या रात्रीपर्यंत मी कधी पाहिलंच नव्हतं. जी तुकडी अनुभवाने तयार झाली ती नेपोलियनकडे ओढायची. नवी तोफ ओतून झाली की तीही तिकडेच. उरलेले सोमेगोमे मग मागच्यांना. दावू, सुल्त, नेय यांच्या हाताखाली मी खऱ्या अर्थाने फौज दिलीच नव्हती. पहारेकरी दिले होते.

आणि लाज वाटते ती याची, की ज्या काळावर हा खेळ बेतलाय त्या काळातली सगळ्यात मोठी गोष्टच याच्या बरोब्बर उलटी आहे. १८०५ च्या सप्टेंबरअखेर फ्रेंच सैन्य ऱ्हाईन ओलांडून निघालं ते सात कोअरमध्ये वाटलेलं: बर्नादोत, मार्मो, दावू, सुल्त, लान, नेय, ओझरो. म्यूराकडे घोडदळाचा राखीव साठा आणि सम्राटाजवळ त्याचं खासं दल. सातही कोअर एका मापाच्या नव्हत्या, पण प्रत्येकीत स्वतःचं पायदळ, स्वतःचं थोडं घोडदळ, स्वतःचा तोफखाना, अभियंते आणि हुकूम लिहून धाडणारी स्वतःची कचेरी होती. त्यामागचा हिशेब साधा आहे. दोन लाख माणसं एका रस्त्याने चालू शकत नाहीत. चालली, तर पुढचा मुक्कामाला पोचून झोपला तरी शेवटचा निघालेला नसतो, आणि त्या एका रस्त्यावरच्या गावांत पहिल्या दोन दिवसांनंतर ना धान्य उरतं, ना वैरण. म्हणून वेगवेगळ्या वाटांनी जायचं. पण वेगळं जायचं तर वाटेत कुणी एकटा गाठला, तर त्याला शेजारचे येईपर्यंत, म्हणजे साधारण दिवसभर, स्वतःच्या हिमतीवर टिकता आलं पाहिजे. त्यासाठी त्याच्याकडे सगळं हवं. थोडं थोडं का होईना, पण सगळं. त्या जाळ्यात उल्मला जनरल माक सापडला आणि २० ऑक्टोबरला त्याने शस्त्रं ठेवली. मोठी लढाई अशी झालीच नाही. माझ्या खेळात हे कधीच घडलं नाही, कारण जाळं विणायला एकाहून जास्त दोऱ्या लागतात आणि माझ्याकडे एकच जाड दोरखंड होता.

आणि त्यात तो दावू. दुसरा कुणी असता तर भाचीचा प्रश्न मी दोन दिवसांत विसरलो असतो.

१४ ऑक्टोबर १८०६. पहाटेचं दाट धुकं. दावूची तिसरी कोअर कोझनजवळ ‘झाले’ नावाच्या नदीचा पूल ओलांडून वरच्या पठारावर चढतेय. तिकडे वीसेक किलोमीटरवर येनाला नेपोलियन उभा आहे आणि प्रशियाची मुख्य फौज आपल्यासमोरच आहे अशी त्याची खात्री आहे. मुख्य फौज खरं तर चालत येतेय दावूकडे. त्याच्याजवळ सुमारे सत्तावीस हजार माणसं आणि ४४ तोफा. समोर साठ हजारांच्या आसपास. धुक्यात हासेनहाउझेन नावाच्या एका खेड्याशी दोघांची गाठ पडते. पुढे असते कोअरच्या तीन भागांतला एक, जनरल ग्यूदँची डिव्हिजन. तिच्यावर प्रशियाच्या ब्ल्यूखरचे घोडेस्वार तुटून पडतात आणि ती चौकोन करून उभी राहते. दावू एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जात माणसांना धीर देतो. मागून फ्रियाँ येतो, तो उजवीकडे धाडला जातो. त्यानंतर मोराँ, तो डावीकडे. या क्रमाकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो. एक अंगावर घेतो, दुसरा येतो, तिसरा येतो, आणि प्रत्येक जण पूर्ण असतो. येताना तोफा घेऊन येतो. पलीकडे प्रशियाचा सरसेनापती, ब्रुन्सविकचा ड्यूक, डोळ्यांवर गोळी लागून कोसळतो, राजा त्याच्या जागी दुसरा कुणी नेमत नाही, आणि मागे उभी असलेली मोठी राखीव फौज बहुतेक लढाईत न उतरताच राहते. दुपारपर्यंत प्रशियाचं सैन्य माघार घेतं. दावूचा दर चौथा माणूस मेला किंवा जखमी झाला. ही बातमी आली तेव्हा नेपोलियनचा विश्वासच बसला नाही. दावू चष्मा लावायचा, त्याला एकाचे दोन दिसले असतील, असं काहीतरी तो म्हणाल्याचं सांगतात. पुढे बर्लिनमध्ये सगळ्यात आधी शिरण्याचा मान त्याने दावूच्या कोअरला दिला.

त्याच दिवशी बर्नादोतची आख्खी कोअर दोन रणांगणांच्या मध्ये होती आणि ती कुठल्याच लढाईत पोचली नाही. म्हणजे तोफा वाटल्या की झालं, असं नाहीच.

ग्यूदँबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८१२ च्या ऑगस्टमध्ये स्मोलेन्स्कजवळ तोफगोळ्याने त्याचा पाय गेला. पाय कापला, पण तीन दिवसांत तो वारला. त्याचं हृदय पॅरिसला नेलं, देह तिथेच पुरला. २०१९ साली स्मोलेन्स्कच्या एका बागेत, नाचाच्या जुन्या चौथऱ्याखाली, एका पायाचा सांगाडा मिळाला. डीएनए तपासला आणि तो ग्यूदँ निघाला. २ डिसेंबर २०२१ ला, नेपोलियनने ऑस्टरलिट्झची लढाई जिंकली त्या तारखेला, पॅरिसमध्ये त्याचं पुन्हा दफन झालं. ही बातमी मी मोबाईलवर वाचली तेव्हा कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. पडद्यावरचे निळे कोट मी हजारोंनी खर्ची घातलेत. त्यातल्या प्रत्येकाला हाडं होती, हे त्या एका पायाच्या सांगाड्याने मला सांगितलं. आणि ज्या दावूचं मी इतकं कौतुक करतोय त्यानेच १८१३ च्या हिवाळ्यात, वेढा पडलेल्या हॅम्बुर्गमधून, ज्यांच्या घरात पुरेसं धान्य नव्हतं अशा हजारो गोरगरिबांना बर्फात शहराबाहेर काढलं होतं. हेही त्याच माणसाच्या शिस्तीतलं. मला ते पचत नाही आणि मी ते पचवायचा प्रयत्नही करत नाही.

भाची गेल्यावर दोन-चार दिवसांनी भांडी लावताना अचानक थोरले काका आठवले. गावात कुणाकडेही लग्न, मुंज, भंडारा असो, पंगतीची व्यवस्था काकांकडे. मी वाढप्यांत असायचो, आधी मीठ-लिंबू, मग चटणी, अशी बढती मिळत गेलेली. एका लग्नात वऱ्हाड सांगितल्यापेक्षा बरंच जास्त आलं. मांडवात एकदम चार पंगती बसल्या. भात पडला, वरण पडलं, आणि सगळी माणसं हात मांडीवर ठेवून बसून राहिली, कारण तूप आलं नव्हतं. तूप एका विश्वासू माणसाच्या हाती, सांडू नये, पुरावं म्हणून. तो पहिल्या पंगतीच्या टोकाला वाकून चमचा-चमचा वाढतोय आणि चौथ्या पंगतीतला भात गार होतोय. काकांनी आचाऱ्याकडून आणखी तीन भांडी मागवली, तूप ओतून वाटलं आणि प्रत्येक पंगतीला एक भांडं दिलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चारही पंगतींचे वाढपी वेगळे केले. ही तुमची पंगत, भात-वरण-भाजी-कोशिंबीर-तूप सगळं तुमच्यात, कमी पडलं तर शेजारच्या पंगतीकडून घ्या, माझ्याकडे विचारायला येऊ नका. चौदा वर्षांच्या माझ्या हाती तेव्हा तुपाचं भांडं आलं होतं. ते धरताना मनगट किती जपून वळवत होतो ते अजून आठवतं. काका मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

हात असे रिकामे करायला मला जमत नाही. खेळातही नाही, आणि घरातही नाही. आईची औषधं मी स्वतः मोजून ठेवतो, ताईने केलेलं मला पटत नाही.

आपल्याकडे यासाठी एक शब्द होता, आणि तो आज आपण भलत्याच अर्थाने वापरतो: कंपू. आता कंपू म्हटलं की चार टाळकी एकत्र येऊन केलेली टोळी. पण महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या सव्हॉयच्या द बॉइन्याने उभ्या केलेल्या ब्रिगेडी म्हणजे कंपू. कवायती पायदळाच्या पलटणी, प्रत्येक पलटणीबरोबर तिच्या स्वतःच्या तोफा, सोबत घोडदळ, आणि पगार वेळेवर. पॅरिसच्या सरदारांना कोअर मिळाल्या त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी उत्तर हिंदुस्थानात हे चाललं होतं. मी एकदा भोकरदनला एका नातलगाकडे गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून असईला गेलो. उन्हाळ्याचे दिवस, केळणेत पाण्याची बारीक धार, काठावर पऱ्हाटीचे वाळलेले खुंट, आणि पलीकडे जुई नदी. दोन नद्यांमधल्या त्या जिभेसारख्या जमिनीवर २३ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांचे कंपू उभे होते. इंग्रज सेनापती वेलस्लीने आपली फौज दोन वाटांनी आणली होती. दुसऱ्या वाटेवरचा स्टीव्हनसन अजून पोचला नव्हता, तरी वेलस्ली नदी उतरून बाजूने चालून आला. कंपूंचा सेनापती पोलमन याने तेवढ्यात आख्खी रांग फिरवून त्याच्याकडे तोंड करून उभी केली. कवायत किती मुरलेली असेल! त्या तोफांनी वेलस्लीची दीड हजारांवर माणसं पाडली, आणि त्यानंतर बारा वर्षांनी वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणी विचारलं तरी असईचंच नाव घ्यायचा. तरीही आपण हरलो. कंपूंतले इंग्रज अंमलदार कंपनीने आधीच फोडून नेले होते, मुख्य अधिकारी पेराँ स्वतःच इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता, आणि शिंदे-भोसल्यांचं ते अफाट घोडदळ लांब उभं राहिलं. तोफा होत्या, त्यांच्यावर तुटून मरणारे गोलंदाज होते. एकाने दुसऱ्यासाठी धावून यायचं हे ठरलेलं नव्हतं. नदीकाठी उभा असताना माझा घसा दाटून आला होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आणि इथेच हा खेळ, माझा इतका आवडता खेळ, एक गोष्ट शिकवायची सोडून देतो. त्यात हुकूम पोचायला वेळ लागत नाही. मी माउस दाबला की दोनशे मैलांवरचा सुल्त त्याच क्षणी चालू लागतो, आणि दाबला नाही तर जिथे आहे तिथे थांबतो, महिनोन्महिने. कुणी गैरसमज करून घेत नाही, कुणी रुसत नाही, कुणी माझ्या आधी ओळखून हालचाल करत नाही. १६ जून १८१५ ला फ्रेंच जनरल देर्लोंची वीस हजारांची कोअर कात्र ब्राला लढणाऱ्या नेयकडे निघाली होती. वाटेत सम्राटाकडचा निरोप्या आला, त्याने तिला सम्राट लढत होता त्या लिनीकडे वळवलं. ती लिनीच्या रणांगणाच्या कडेला दिसली तेव्हा फ्रेंचांनाच वाटलं शत्रू आला, आणि निर्णायक हल्ला लांबला. तेवढ्यात नेयचा संतापलेला हुकूम: परत या. देर्लों मागे वळला. कात्र ब्राला पोचला तेव्हा तिथली लढाई संपली होती. दिवसभर वीस हजार माणसं दोन लढायांच्या मधल्या रस्त्यावर चालत राहिली. बर्थिए असता तर, असं माझ्या मनात नेहमी येतं. वर्षानुवर्षं नेपोलियनच्या तोंडातून सुटलेल्या वाक्याचा स्पष्ट, तारीख-वेळ घातलेला लेखी हुकूम करून प्रत्येक कोअरकडे पोचवणारा तो माणूस १ जूनला बाम्बेर्गमध्ये खिडकीतून पडून मेला होता. खेळात बर्थिएचं काही कामच नाही. त्या जागी मी आहे, माझा माउस आहे. म्हणून तर सगळं स्वतःजवळ ठेवायची माझी सवय इतकी वर्षं खपून गेली.

गेल्या आठवड्यात मी मोहीम पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. नेपोलियनच्या फौजेतून दोन तोफखाने काढून दावूकडे पाठवले, सोबत अनुभवी पायदळाच्या तीन तुकड्या आणि एक ग्रेनेडियर. सुल्तला दोन तोफखाने, जड घोडदळाची एक तुकडी. ती चित्रं एकेक करून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत टाकताना हात अडखळत होता. सगळं झाल्यावर नेपोलियनच्या रांगेत अकराच उरली. सवयीच्या डोळ्यांना ती रांग बोडकी दिसत होती. मग तिन्ही फौजा एकमेकींपासून इतक्याच अंतरावर नेल्या की एकीवर कुणी आलं तर दुसरी त्याच लढाईत नकाशाच्या कडेवरून आत येऊ शकेल. हे अंतर मोजायचं काम नाजूक आहे. वाटेत नदी असली, पूल लांब असला तर जवळ दिसणारी फौज मदतीला पोचत नाही. बर्फ पडायच्या आत ज्याला त्याला स्वतःच्या मुलखात वळवायचं, नाहीतर लढाई न होताच माणसं गळू लागतात. तिघांच्या तीन चिंता. पूर्वी एकच होती.

तेवढ्यात ताईचा फोन आला, आईच्या गोळ्यांचं विचारायला. मागून भाचीने फोन ओढून घेतला.

“मामा, दावू कुठाय?”

“नदीच्या पलीकडे. नेपोलियनपासून थोडा लांब.”

“तोफा दिल्यास?”

“दोन दिल्या.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आता तो आला तर तू याला सांगू नको काय करायचं ते. बघ तरी.”

तसं करता येतं. लढाई स्वतः न लढता निकाल खेळावर सोडून देता येतो. मी ते कधीच केलेलं नाही. फोन ठेवला, ताईला सांगितलं की उद्यापासून रात्रीच्या गोळ्या तूच बघ, आणि चाल संपवायचं बटण दाबलं. डोंगराच्या बाजूने ऑस्ट्रियाचं निशाण दिसू लागलं, एक, मग त्यामागे दुसरं. ती दावूच्याच दिशेने येत होती.